गव्हाणीतल्या काड्या

"अहो, बाहेर एवढी थंडी आहे, ती बाई अवघडलेली आहे," उर्सुला म्हणाली आणि थांबली.

दर तालमीला ती इथेच थांबत असे. मी चादरीच्या पडद्याआड नाटकाची वही घेऊन उभी होते. वहीत न पाहता मी हलकेच म्हणाले, "आपल्या गोठ्यात..." आणि रहाटाची दोरी हाताला लागावी तसे ते शब्द पकडून ती पुढे सुटली. "आपल्या गोठ्यात जागा आहे. घरात नसेल, पण गोठ्यात आहे. दार उघडा."

"छान," पेटीमागून सिस्टर बेनेदिक्ता म्हणाल्या. "पण तो गोठा तुझा तुला सापडायला हवा, उर्सुला. सिंता काय जन्मभर तुझ्यामागं उभी राहणार आहे?"

सगळे हसले. उर्सुलाही हसली, माझ्याकडे मात्र तिने पाहिले नाही. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा दुसरा आठवडा चालू होता आणि पहिल्या सोमवारपासून ती माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती.

वसईच्या किनाऱ्याकडे, केळीच्या आणि पानवेलींच्या वाड्यांमध्ये आमची मिशनची शाळा होती. सातवीपर्यंतची, मराठी. शनिवारी अर्धी शाळा झाली की उरलेला दिवस उपक्रमांचा असे. कुणी भरतकामाला बसे, कुणी गायनाला, कुणी देवळातल्या वेदीसाठी फुलांची रचना शिके. डिसेंबर जवळ आला की हे सगळे उपक्रम एकाच दिशेला वाहू लागत. भरतकामवाल्या मुली मेंढपाळांचे अंगरखे शिवत, बागकामवाली मुले फुटक्या परातींत गहू पेरून वर्गातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवीत, म्हणजे नाताळपर्यंत देखाव्यातल्या गोठ्याभोवती अंथरायला कोवळे, फिकट हिरवे गवत तयार होई. सूर्य न पाहिलेल्या त्या गवताचा रंग मला अजून कुठल्याच हिरव्यात सापडलेला नाही.

आणि गव्हाण. प्रत्येक वर्गात फळ्याखाली एक लाकडी गव्हाण ठेवलेली असे, रिकामी. शेजारी पेंढ्याची टोपली. आगमनकाळात जो कुणी देवबाळासाठी एखादा त्याग करील, त्याने सकाळच्या प्रार्थनेनंतर उठून एक काडी गव्हाणीत टाकायची. चहातली साखर सोडली, एक काडी. भावाला मारायला उचललेला हात आवरला, एक काडी. बाळ येईपर्यंत त्याचे अंथरूण तयार व्हायला हवे. नियम एकच होता. त्याग कुणाला सांगायचा नाही, आणि कुणी कुणाला विचारायचे नाही.

"सांगितलेला त्याग म्हणजे सोलून ठेवलेलं केळं," सिस्टर म्हणत. "संध्याकाळपर्यंत काळं पडतं. ज्याचं त्यानं झाकून ठेवावं."

त्या वर्षी त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. दरवर्षी तुम्ही साखर सोडता आणि नाताळात दुप्पट खाता. यंदा जे सगळ्यांत आवडतं, ते द्या.

त्या दिवसापासून उर्सुला रोज उठून काडी टाकू लागली. आम्ही बाकीचे अधूनमधून उठत होतो, ती रोज. टाकून परत येताना ती माझ्या बाकाजवळ क्षणभर रेंगाळे, माझ्याकडे बघे, आणि तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी हले. मला ते हसू वाटे. गर्वाचे.

आमची मैत्री बोलण्याचीच होती. तिच्या वाडीला लागून आमची वाडी. शाळेच्या रस्त्याला बावखलाच्या, म्हणजे वाड्यांमधल्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठाने जाताना आम्ही जे बोलायला लागत असू ते घरी पोचल्यावरही संपत नसे. मग ती तिच्या कुंपणापाशी आणि मी माझ्या, अशा उभ्या राहून उरलेले बोलत असू. तिचा बाप, पास्कूकाका, पानांच्या वेलींना पाणी सोडता सोडता म्हणे, "अगं, थोडं उद्याला ठेवा. उद्या काय मुकी होणार आहात?"

आणि मग ती मुकी झाली. सगळ्यांशी बोले, फक्त माझ्याशी नाही. पहिल्या दिवशी मला वाटले, मनाला काही तरी लागले असेल. दुसऱ्या दिवशी बावखलाजवळ तिची वाट अडवून मी विचारले, "काय झालं? माझं काय चुकलं ते तरी सांग." तिने मान हलवली. तिचे डोळे भरून आले. मग ती माझ्या बगलेखालून निसटून पळत गेली, चपला हातात घेऊन. भरलेले डोळे मी पाहिले होते. पण दुखावलेल्या माणसाला दुसऱ्याच्या डोळ्यांत स्वतःचा अपमानच दिसतो. मला वाटले, तिच्या मनात काही खोटे आहे, म्हणून तिला रडू येते.

अर्थ पुरवायला ग्लोरिया होती. डॉक्टरांची ग्लोरिया, जिची थोरली बहीण बांद्र्याच्या बोर्डिंगात शिकत होती.

"तुला ठाऊक नाही?" ती म्हणाली. "तुझी उर्सुला आता बांद्र्याची झाली. तिथं सगळ्या जणी काट्या-चमच्यानं जेवतात. तिला आता गावातलं कोण लागतंय?"

बांद्र्याचे मला ठाऊक होते. सगळ्या शाळेला होते. सिस्टरांच्या संस्थेच्या बोर्डिंगात दरवर्षी आमच्या शाळेतल्या एका मुलीला फुकट जागा मिळे, आणि त्या वर्षी ती उर्सुलाला द्यायचे सिस्टरांनी ठरवले होते. अडचण पास्कूकाकांची होती. ते वाईट मनाचे नव्हते. फक्त पोरगी इतकी दूर पाठवायची म्हणजे नेमके काय करायचे, हे त्यांना कळत नव्हते. तिची आई वारल्यापासून घरात स्वयंपाकाला तीच. सिस्टर दोनदा त्यांच्या वाडीवर जाऊन आल्या होत्या. शेवटी त्यांच्यात असे ठरले की पास्कूकाकांनी नाताळचे नाटक बघायला यायचे. पोर लोकांसमोर कशी उभी राहते, कशी बोलते, ते डोळ्यांनी पाहायचे, आणि मग काय ते सांगायचे.

म्हणून तर सिस्टरांनी ती भूमिका तिच्यासाठी लिहिली. सराईवाल्याची बायको. बायबलातल्या शुभवर्तमानात ती कुठेही नाही. योसेफ आणि मरिया दारात उभी असतात, सराईवाला जागा नाही म्हणतो, आणि आतून ही दिवा घेऊन येते आणि गोठा दाखवते. तिने तोंड उघडले नाही तर गोष्टच पुढे सरकत नाही.

मला वही दिली होती. माझा आवाज लहान, पण पाठांतर पक्के. नाटकातले प्रत्येकाचे वाक्य मला ठाऊक होते.

नाटक शाळेच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी झाले. मैदानात चौथऱ्यावर केळीचे खांब रोवून, चार चादरी टांगून मंच केला होता. परातींतले गहू चांगले वीतभर वाढले होते. पुढच्या ओळीत पाद्रीबाबा, त्यांच्या शेजारी गावातली प्रतिष्ठित मंडळी, आणि एका टोकाला, इस्त्रीच्या घड्या स्पष्ट दिसणाऱ्या पांढऱ्या सदऱ्यात पास्कूकाका. सिस्टरांनी त्यांना हाताला धरून पुढे आणून बसवले होते. टोपी गुडघ्यावर ठेवून ते ताठ बसले होते, जसे दवाखान्यात बसतात.

मी विंगेत कंदिलाजवळ उभी होते. उर्सुला माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचा प्रवेश माझ्या बाजूने होता. तिच्या हातात मातीचा दिवा होता. तिच्या आईचे लाल चौकडीचे लुगडे तिने नेसले होते, खाली दोनदा दुमडून. तिच्या केसांतल्या खोबरेलाचा वास मला येत होता. मी वाट पाहिली. मला वाटले, आत्ता तरी ती काही बोलेल. एक शब्द. माझे नाव. ती बोलली नाही. तिने फक्त एकदा माझ्या हातातल्या वहीला बोटाने स्पर्श केला, आणि ती उजेडात गेली.

वहीला. मला नाही. इतकेच माझ्या मनात आले.

सराईवाला बस्त्याव होता, पोटाला उशी बांधलेला. "जागा नाही," तो गरजला. "आपली सराई भरली." योसेफाने विनवले, मरियेने पोटावर हात ठेवला, आणि उर्सुला दिवा घेऊन पुढे आली. तिचा आवाज स्वच्छ होता. मैदानाच्या टोकापर्यंत गेला असेल.

"अहो, बाहेर एवढी थंडी आहे, ती बाई अवघडलेली आहे," ती म्हणाली, आणि थांबली.

शब्द माझ्या जिभेवर होता. तो किती लहान होता, हे मी पुढे आयुष्यभर मोजत आले आहे. एका श्वासाचा, अर्ध्या श्वासाचा. तो ओठांपर्यंत आला आणि मी ओठ मिटले. हे मी आधी ठरवले होते का? नाही. पण मिटल्यावर मला कळत होते की मी काय करते आहे. तू गप्प राहू शकतेस ना? मग बघ, गप्प राहणे कसे असते ते.

मैदान शांत होते. उर्सुलाने बापाकडे पाहिले, आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, तिने मान वळवून सरळ माझ्याकडे पाहिले.

त्या दिव्याच्या उजेडात तिचा चेहरा मला नीट दिसत होता. आधी त्यात विनवणी होती. मग काहीच नव्हते. मग तिची नजर माझ्या मिटलेल्या ओठांवर स्थिरावली, आणि तिच्या चेहऱ्यावर एक असा भाव आला, ज्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. एखादी गोष्ट अचानक उमगावी तसा. तिने अगदी किंचित मान डोलावली, आणि पुन्हा समोर तोंड करून, दिवा छातीशी धरून, नुसती उभी राहिली.

शेवटी बस्त्यावला ते सहन झाले नाही. "जागा नाही म्हटलं ना," तो म्हणाला. "चला, पुढं सरका. मागची बस रिकामी येतेय."

मैदान फुटले. लोक हसता हसता एकमेकांच्या अंगावर पडले. पाद्रीबाबासुद्धा रुमाल तोंडाला लावून हसले. योसेफ गोंधळून मरियेला घेऊन खरोखरच पायऱ्या उतरून निघून गेला, आणि हशा आणखी वाढला. सिस्टरांनी घाईने पेटीवर शेवटचे गीत धरले, कुणी तरी चादर ओढली. एकटे पास्कूकाका हसत नव्हते. ते गुडघ्यावरची टोपी फिरवत होते, गोल गोल, जणू तिची शिवण कुठे उसवली आहे ते शोधत होते.

सिस्टर विंगेत आल्या. "तुला दिसलं नाही का, ती अडली ते?"

"कंदील मंद झाला होता, सिस्टर. वाचता आलं नाही."

त्यांनी कंदिलाकडे पाहिले. तो चांगला जळत होता. मग माझ्याकडे पाहिले, आणि माझ्या हातातली वही काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी कळले ते असे. पास्कूकाका रागावले नव्हते. उलट, परतीच्या वाटेवर त्यांनीच तिला म्हटले होते की, एवढ्या तेवढ्याचं काय, होतं असं, तुला जायचं असेल तर जा. पण उर्सुलाच नको म्हणाली. मला लोकांसमोर उभं राहायची लाज वाटते, म्हणाली. मी इथंच बरी. सिस्टर तिसऱ्यांदा वाडीवर गेल्या तेव्हा काका म्हणाले, "तीच नको म्हणते, सिस्टर. मी काय बांधून पाठवू?"

पुढचे मी इथेच सांगून टाकते, कारण ते सांगायला मला दुसरी जागा सापडणार नाही. बांद्र्याची ती जागा रिकामी राहू नये म्हणून सिस्टरांनी ती दुसऱ्या मुलीला दिली. जूनमध्ये पत्र्याची पेटी घेऊन मी गेले. मी काट्या-चमच्याने जेवायला शिकले. मी कविता वाचायला शिकले, पुढे कॉलेजात ती शिकवायलाही. आणि पुष्कळ वर्षे वर्गासमोर उभी राहून शब्द आणि मौन यांविषयी बोलत आले, पोरी ते टिपून घेत आल्या. उर्सुला गावातच राहिली. पानवेली गेल्या, तिथे आता तिची सोनचाफ्याची झाडे आहेत. मी गेले की ती कुंपणाशी येते आणि आम्ही बोलतो. तिला माझा अभिमान वाटतो. ते तिने मला अनेकदा सांगितले आहे.

आता नाताळची ती सकाळ.

देवळातली मिस्सा, नाताळची प्रार्थना, होऊन आम्ही घरी आलो होतो. आय फुगे, आमच्याकडचे नाताळचे मैद्याचे गोल वडे, तळत होती, मी ओटीवर बसले होते. कुंपणाचे फाटक वाजले आणि उर्सुला आली, विणलेल्या रुमालाने झाकलेले ताट दोन्ही हातांत धरून. ती पायरीशी थांबली. तिच्या चेहऱ्यावर हसू मावत नव्हते.

"सिंता," ती म्हणाली. "बाळ आलं. आता बोलू शकते मी."

मी उठले नाही.

ती माझ्याशेजारी बसली, ताट मांडीवर घेऊन, आणि जणू इतक्या दिवसांचे साठलेले एकाच दमात ओतायला लागली. तिच्या बोक्याला पिल्ले झाली, म्हणजे तो बोका नव्हताच. पास्कूकाका रहाटाजवळ घसरले. ग्लोरिया तिला म्हणाली की सिंता तुझ्यावर जळते, तेव्हा तिने ग्लोरियाच्या वेणीला गुपचूप आघाडा चिकटवला. मी ऐकत होते आणि मला काहीच कळत नव्हते.

"तू बोलत का नव्हतीस?" मी विचारले.

"अगं, काडी होती ना ती." तिला माझ्या न कळण्याचेच नवल वाटले. "सिस्टर म्हणाल्या, जे सगळ्यांत आवडतं ते द्या. मी पुष्कळ विचार केला. मला करंज्या आवडतात, पण त्या नाताळाआधी होतातच कुठं? ते काही खरं देणं नाही. पप्पाला सोडता येत नाही, त्याला जेवायला कोण घालणार?" ती हसली. "मग तूच उरलीस."

आत कढईत फुगे पडल्याचा आवाज झाला.

"फार वाईट गेलं," ती म्हणाली. "बावखलापाशी तू विचारलंस ना, त्या दिवशी मी मोडणारच होते. रोज काडी टाकून आले की वाटायचं, हिला डोळ्यांनी तरी सांगावं. पण मग ते सांगितल्यासारखंच झालं असतं."

मी ताटावरच्या रुमालाच्या टाक्यांकडे पाहत होते. मला बोलायचे होते. हे मी आज प्रामाणिकपणे म्हणू शकते, की त्या क्षणी मला बोलायचे होते. सगळे. कंदील, ओठ, सगळे. मी तोंड उघडलेही होते.

"आणि तूसुद्धा," ती म्हणाली.

"मी काय?"

"आता नको लपवू. झाला नाताळ. तालमीत तू मला सांगायचीस, तेव्हा मला वाटायचं, हिनं काही मला सोडलेलं नाही, मी एकटीच. आणि नाटकात मी अडले, बघितलं, तर तू तोंड घट्ट मिटून उभी. आधी मला रागच आला, खोटं कशाला बोलू? मग एकदम कळलं. तुझीही तीच काडी. तीच, माझीच." तिने माझ्या खांद्याला खांदा लावला. "म्हटलं, मी इथं हट्टानं शब्द मागत उभी राहिले तर हिचा एवढा मोठा त्याग मोडायचा. म्हणून मग मी मागितला नाही. लोक हसले तर हसले."

मला ती मान डोलावणे आठवले.

"पण बांद्रा," मी म्हणाले. माझा आवाज मला परका वाटला.

"त्याचं राहू दे." ताटाच्या कडेवरून बोट फिरवत ती म्हणाली, "तिथं उभं राहिल्यावर मला कळलं, तू मागं नसलीस तर मला येत नाही बोलायला. बांद्र्यात तू कुठून येणार?"

ओटीवर ऊन आले होते. देवळाची घंटा पुन्हा वाजू लागली होती, कुठल्या तरी दुसऱ्या मिस्सेची. ओटीवर मांडलेल्या नाताळच्या गोठ्यातल्या गव्हाच्या गवताने उन्हाकडे माना वळवल्या होत्या. आम्ही ते घरीही पेरले होते.

मग तिला काहीतरी आठवले, आणि ती गंभीर झाली. अगदी वेदीसमोर असते तशी.

"सिंता, एक विचारू? विचारायचं नसतं, ठाऊक आहे. पण आता चालेल ना?" ती माझ्या डोळ्यांत पाहत होती. "नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, मी शाळेत आले नव्हते तेव्हा, वर्ग बंद व्हायच्या आधी, त्याची काडी टाकलीस ना तू?"

तेवढ्या एका प्रश्नावर तिचे सगळे टांगलेले होते, हे मला दिसत होते. ते हसणे, तो मंच, ती पुढची सगळी वर्षे. एक शब्द मी बोलायचा होता. कंदील नव्हता, वही नव्हती. तो कसा उच्चारायचा हे मला कुणी मागून सांगणार नव्हते.

"हो," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. तिने मोठा श्वास सोडला, रुमाल बाजूला केला आणि करंजी मोडून मोठा तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"मग वाया नाही गेलं काही," ती म्हणाली. "खा."

मी तो खाल्ला.